डब्यातली दोरी

आशाबाई रोज सकाळी चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवत, ओट्यावर पाय सोडून बसत आणि केस विंचरत. आधी डावी बाजू, मग उजवी, मग मान खाली घालून मागचे केस पुढे. विंचरून झालं की फणीत अडकलेले केस एकेक करून काढत, डाव्या हाताच्या बोटाभोवती गुंडाळत आणि ते लहानसं वेटोळं कनवटीला खोचून कामाला लागत. गावातल्या इतर बायका आपलं गुंतवळ भिंतीच्या फटीत कोंबून ठेवत. महिन्या-दोन महिन्यांनी केसांवर भांडी देणारी बाई आली की फटी रिकाम्या होत आणि कोणाच्या घरी डबी, कोणाच्या घरी चहाची गाळणी येई. आशाबाईंचे केस कमरेच्या खाली जाणारे. पण त्यांच्या घरून त्या बाईला कधी काही मिळालं नाही.

"आमच्या घरी सारे टकले हाय बाई," आशाबाई ओट्यावरूनच सांगत. भांडेवाली त्यांच्या अंबाड्याकडे एकदा बघे आणि पुढच्या घरी जाई.

सून छाया म्हणे, "आत्याबाई, इतक्या वर्षांत एखादं पातेलं आलं असतं."

"पातेल्याले काय तोटा हाय का आपल्या घरी?"

बोलणं तिथेच संपे. ते वेटोळं दुपारी कोठीमागच्या पावडरच्या डब्यात जाई. तो डबा घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

घरात सगळ्यांना ठाऊक असलेला डबा दुसरा होता. तो आशाबाईंच्या नवऱ्याचा, उकंडरावांचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कधीकाळी निळा असावा. आशाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षीच्या पोळ्याला उकंडरावांनी तो पहिल्यांदा त्यांच्यासमोर उघडला. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. बैलांचं झालेलं असतं, शेतात जायचं नसतं, घरोघरी रस्सा शिजतो. त्या दिवशी उकंडराव दरवर्षी गळ घेऊन नदीवर जात. नव्या बायकोला दाखवावं म्हणून त्यांनी डब्यातलं एकेक काढून गोणपाटावर मांडलं. दाभण दिव्यावर तापवून वाकवलेले चार गळ. लहान माशांसाठी सुईचे दोन. दातांनी चावून दोरीला बसवायचे शिशाचे मणी. आणि तुराटीच्या तुकड्यावर गुंडाळलेली एक दोरी, काळी, चकाकती, सुतापेक्षा थोडी जाड.

अठरा वर्षांच्या आशाबाईंनी तिला बोट लावलं.

"केसाची हाय?"

"हाव. सोजरानं वळली. भोयाची सोजरा. अशी मांडीवर वळे ते," असं म्हणून उकंडरावांनी स्वतःच्या मांडीवर तळवा घासून दाखवला आणि हसले.

कोणाच्या केसाची, हे विचारायचं तेव्हा राहून गेलं. चार महिन्यांच्या नवरीने असं विचारायचं तरी कसं? आणि पुढे विचारलं असतं, तर इतके दिवस ते मनात धरून बसल्याचं कबूल करावं लागलं असतं. मग विचारलंच नाही. पण त्या दिवशी आशाबाईंच्या मनात एक मुलगी उभी राहिली. सावळी, ओल्या केसांची, केस मांडीपर्यंत आलेले. त्यातलेच मूठभर तोडून, पीळ देऊन, तिने या माणसाला दोरी वळून दिली होती. आणि हा माणूस ती डब्यात घालून संसार करत होता.

मासे धरणं आशाबाईंना कळणार नव्हतंच. त्यांचं माहेर लोणारचं. ज्या गावात एवढं मोठं तळं आहे, त्या गावच्या मुलीने गळ कधी पाहिला नव्हता, कारण त्या खाऱ्या पाण्यात मासाच नाही. झऱ्याच्या धारेवर धुणी धुवायची, उतारावरच्या झाडीत सरपण गोळा करायचं, मोर ओरडले की आपणही तसंच ओरडायचं, एवढंच त्यांचं लहानपण. उकंडराव त्यावरून त्यांना जन्मभर चिडवत आले. "तुमच्या तळ्यात बेडूकबी जगत नाई. लोणारच्या पोरीले काय समजनार गळाचं?"

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आशाबाई माहेरी निघाल्या तेव्हा उकंडरावांनी एक मागणं मात्र केलं होतं. "येताना मोरपिसं आण. लांब पाह्यजेत."

आशाबाई तळ्याच्या झाडीत दोन दिवस हिंडल्या. अकरा पिसं मिळाली. देव्हाऱ्याशी लावतील, नाहीतर खोलीत, असं त्यांना वाटलं होतं. उकंडरावांनी ब्लेडने पिसांचे डोळे छाटून बाजूला सारले आणि पांढऱ्या दांड्या तेवढ्या ठेवल्या. "ह्याची दांडी पाण्यावर उभी राह्यते. मासा लागला का डुबते," त्यांनी समजावून सांगितलं. आशाबाईंनी अकरा डोळे वेचले, खिडकीच्या गजात खोचले. उंदरांनी ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपवले.

सोजरा तेरा वर्षांची असताना लग्न होऊन जालन्याच्या पलीकडे कुठेतरी गेली होती. त्यानंतर ती गावात आलीच नाही. आली असती तर बरं झालं असतं, असं आशाबाईंना वाटे. सासुरवाशीण होऊन, एक पोर कडेवर, एक बोटाला, अशी आली असती तर तिचं काय ते एकदा दिसून गेलं असतं. ती आली नाही म्हणून ती तेरा वर्षांचीच राहिली. उकंडरावांच्या प्रत्येक गोष्टीत ती असे. उन्हाळ्यात नदी तुटून डोह व्हायचे, तेव्हा सोजराचा बाप जाळं टाकायचा आणि ही दोघं करंजाच्या सावलीत गळ टाकून बसायची. रांजणाखालच्या ओल्या मातीत गांडुळं शोधायची ती सोजराने. पाण्याकडे बघून मासा कुठे आहे ते सांगायची ती सोजराने. तापलेल्या दगडावर झिंगे भाजायचे, आणि मीठ कोणाच्या घरून चोरायचं यावर भांडायचं. एकदा हातभर मरळ गळाला लागली आणि उकंडरावांना फरफटत पाण्यात घेऊन गेली, तेव्हा सोजराने त्यांच्या चड्डीची नाडी धरून ओढलं. ही गोष्ट पाहुण्यांना सांगताना उकंडराव उभे राहत. मुलगा दीपक लहान असताना ती ऐकून लोळायचा. आशाबाई आतून ओरडत, "भाकर थंडी होऊन राह्यली."

करीच्या दिवशी उकंडराव जे मासे आणत ते बहुतेक रस्त्यावर घेतलेले असत. आशाबाईंना कल्ल्याशी जाळ्याच्या दोऱ्याची खूण दिसे. मासे खोटे असले तरी हरकत नव्हती. दिवस खरा होता, आणि तो आशाबाईंचा नव्हता.

मग गाव धरणात गेलं. वर माळावर प्लॉट मिळाले, सिमेंटचे रस्ते आखले, आणि एका सकाळी ट्रॅक्टर दारात उभे राहिले. आशाबाईंच्या माहेरची पेटी कडब्याच्या पेंढ्यांखाली गेली. तिचं एक कडं तुटलं. भांडी पोत्यात, देव टोपल्यात. उकंडराव ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर तो बिस्किटांचा डबा होता. खड्डा आला की ते त्यावर दोन्ही हात ठेवत. आशाबाई मागे पेंढ्यांवर बसून नवऱ्याची पाठ बघत राहिल्या. लग्नाला तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली होती.

नव्या घरात सामान लावताना त्यांनी डबा उघडून पाहिला. दोरी होती तशीच होती. काळी, चकाकती. त्याच सकाळी आशाबाईंना फणीत पहिला पांढरा केस सापडला होता. इथेच त्यांचं खरं दुखणं होतं. आपण म्हाताऱ्या होत चाललो, आणि ती डब्यात तेराचीच.

दुसऱ्या दिवसापासून आशाबाईंनी गुंतवळ फेकणं बंद केलं.

दोरी वळणं त्यांना नवं नव्हतं. देवाच्या वाती, पोळ्याला अंबाडीचे दोर, सगळं त्यांच्याच मांडीवर वळलं जाई. केसांचं मात्र वेगळं. गुंतलेलं वेटोळं पाण्यात भिजवायचं, एकेक केस हलक्या हाताने सोडवायचा, काळा असेल तर ठेवायचा, पांढरा असेल तर बाजूला सारायचा. वीसेक केस जमले की तीन पदरांचा वीतभर पीळ, आणि तो मागच्या पिळाला गाठ मारून जोडायचा. घरातले शेतात गेले की दुपारचा अर्धा तास. वर्षाला दोन-तीन हात होई. पुढे काळे केस कमी होत गेले तसा एक हातही होईना. कधीकधी त्यांना स्वतःचंच हसू येई. पण हात थांबत नसे. बिस्किटांच्या डब्यात एक दिवस आपली दोरी असेल, एवढं त्यांना हवं होतं. उकंडरावांना कळावं असंही नाही. त्यांनी डबा मांडीवर घेतला तर आत आपण असू, बस.

दोरी पुरी होऊन कोठीमागे पडली त्याला चार-पाच वर्षं झाली. ती बदलायला आशाबाईंचं मन धजत नव्हतं. मग दोन वर्षांमागे श्रावणात उकंडराव देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला गेले, आणि आले ते ओट्यावर न टेकताच बोलायला लागले.

"सोजरा भेटली. स्टँडवर. जालन्याच्या गाडीतून उतरली, अन् मागून हाक मारली, उकंड्या म्हनून. पन्नास वर्षांच्या वर झाले असतील. मले आवाजानंच समजलं."

उकंड्या. आशाबाईंच्या सासूनंतर त्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

"बरी हाय का?" आशाबाईंनी विचारलं.

"नवरा गेला. लेकाकडं राह्यते. करीले बोलावलं तिले. तिनं वळलेली दोरी दाखवतो म्हनलं. म्हने, अजून हाय? म्हनलं, येऊन पाह्य." उकंडराव बहात्तर वर्षांचे होते, आणि हे सांगताना त्यांना बसवत नव्हतं.

आशाबाईंना त्या रात्री झोप लागली नाही असं नाही. लागली. पण पोळ्यापर्यंतचे पंधरा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. दोघं गोणपाटावर बसली आहेत, मधे डबा आहे, आणि ती बाई स्वतःचेच केस हातात घेऊन बघते आहे. ते होऊ द्यायचं नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी बैल मिरवायला सगळे बाहेर पडले तेव्हा आशाबाईंनी डबा उतरवला. तुराटीवरची दोरी सोडली, आपली गुंडाळली, आणि जुनी चुलीत घातली. ती वळवळत आकसली. उग्र वास सुटला.

छाया पुरणाचं पातेलं घ्यायला मागच्या दारी आली. "काय जळून राह्यलं, आत्याबाई?"

"बैलाची जुनी वेसन टाकली."

आशाबाईंना फार हलकं वाटलं. बैलांना ओवाळताना त्यांचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरला.

करीच्या दिवशी दहाच्या गाडीने सोजराबाई आल्या. हातात कापडी पिशवी, तीत कागदात बांधलेले सुके झिंगे. आशाबाईंनी सगळ्यात आधी त्यांचं डोकं पाहिलं. पांढरे केस, दोन बोटं लांब, शाळेतल्या पोरासारखे कापलेले. पदर घसरला तरी त्या तो सावरत नव्हत्या.

चहा पिताना सोजराबाईंची नजर आशाबाईंच्या अंबाड्यावर गेली. "वहिनी, किती केस हो तुमाले. मले तं नशीबच नाई. लहानपनी दिवसभर पान्यात. डोकं वाळेच नाई, उवाच उवा. आमचा बा दर महिन्याले भादरे. लगनात बी बोटभरच केस व्हते माह्ये. सासू म्हने, पोरगा आनला का पोरगी."

उकंडराव हसले. "टकली म्हनत होतो आमी हिले."

आशाबाईंनी बशी खाली ठेवली. "मंग ते दोरी?"

"कोनती?"

"डब्यातली. केसाची."

"ते व्हय? ते घोड्याची." सोजराबाईंनी चहाचा घोट घेतला. "देऊळगावच्या टांगेवाल्याचा घोडा व्हता. मी समोरून हरभऱ्याचा डहाळा दाखवे, अन् हा उकंड्या मागून शेपूट कापे. घोड्याचाच केस लागते, वहिनी. घोडीचा चालत नाई. घोडी मुतते ते शेपटीवर, केस कुजतेत. आमचा बा पहिले खाली वाकून पाहून घ्याले सांगे."

"अन् लाथ बसली ते सांग ना," उकंडराव म्हणाले.

"बसली ना. गुडघ्याले. चार टाके."

नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यावरची ती खूण आशाबाईंनी किती हिवाळे तेल लावून चोळली होती. बैलाने मारलं, एवढंच त्यांना माहीत होतं.

त्या उठून आत गेल्या. पिठाच्या डब्यात हात घालून नुसत्याच उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षांच्या वर ज्या पोरीच्या केसांवर त्यांनी दात धरला, त्या पोरीच्या डोक्यावर केसच नव्हते. आपण एका घोड्यावर जळत होतो. आणि त्या घोड्याच्या शेपटीचं जे काही जगात उरलं होतं, ते काल आपण चुलीत घातलं. हसावं की रडावं ते त्यांना समजेना. मग बाहेरून दोघांचं हसणं ऐकू आलं. उकंडराव असे हसतात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ते हसणं नरड्यातून येत नव्हतं, पोटातून येत होतं, आणि मधेच पोरासारखं चिरकत होतं. आशाबाईंना कळलं की केस कोणाचे होते याने काही फरक पडलेला नाही. काल पोटात जे होतं ते आजही आहे. उलट आता त्याला धरायला दोरीही उरली नाही.

"वहिनी, कनीक घ्या मळून थोडी," सोजराबाईंनी हाक मारली. "हळद टाकजा चिमूटभर. आज त्या दोरीवर धरू मासे."

"ते दोरी जुनी झाली," आशाबाई आतूनच म्हणाल्या. "तंगूस हाय ना घरात, नायलॉनची."

"तंगूसवर कोनीबी धरते," उकंडराव म्हणाले.

आशाबाईंनी कणीक मळली, कागदात बांधली, आणि चपला घातल्या. आजवर त्या करीला कधी पाण्यावर गेल्या नव्हत्या. छाया बघतच राहिली.

"मीबी येते," एवढंच त्या म्हणाल्या.

धरणाचं पाणी त्या वर्षी चढलेलं होतं. बाभळींचे शेंडे तेवढे वर होते. खाली कुठेतरी जुनं गाव होतं. तो करंज, तो डोह. उकंडराव आणि सोजराबाई हात करून एकमेकांना जागा दाखवत होते. तिथं मारुती. तिथं तुमचं घर. नाई बे, अजून अलीकडं. आशाबाईंचाही संसार त्याच पाण्याखाली होता, पण त्यांना कोणी विचारलं नाही.

उकंडरावांनी डबा उघडला. सोजराबाईंनी हात पुढे केला आणि दोरीचं टोक अंगठा आणि बोटाच्या मधे धरून ती सोडवू लागल्या. हातभर सुटली आणि त्यांची बोटं थांबली. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा चाचपला. एका गाठीपाशी पिळातून एक पांढरा केस बाहेर आलेला होता. तो त्यांनी नखाने दाबून आत घातला. मग वर बघितलं, आशाबाईंच्या अंबाड्याकडे, थोडा वेळ.

आशाबाईंनी पाण्याकडे तोंड फिरवलं. आता ही बोलणार. उकंडराव हातात दोरी घेऊन बघणार. म्हणणार, आशे, हे काय? काय सांगायचं तेव्हा? पासष्टीला आलेल्या बाईने काय सांगायचं?

"काऊन थांबली?" उकंडरावांनी विचारलं.

"काई नाई. वळली चांगली हाय," सोजराबाई म्हणाल्या. "दे तो गळ."

त्यांनीच गळ बांधला, शिशाचा मणी चावून बसवला. उकंडरावांनी डब्यातून पांढरी दांडी काढून वर अडकवली. काठी बांबूची. पिवळी कणीक गळावर बसली, दोरी पाण्यावर पडली, आणि दांडी उभी राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. सोजराबाई मासे कुठे आहेत ते सांगत होत्या, आणि मासे तिथे नव्हते. "धरनातले मासे येगळे," त्या म्हणाल्या. "यायले रीत नाई."

मग दांडी हलली. एकदा, पुन्हा एकदा, आणि गपकन आत गेली. उकंडरावांनी काठी वर घेतली. काठी वाकली. आशाबाईंनी नकळत पदर मुठीत धरला. टिकव, त्या मनात म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही ठाऊक नाही. एक क्षण त्यांचे केस एका बाजूला मासा आणि दुसऱ्या बाजूला नवरा धरून ताणलेले होते. त्यांना ती ओढ डोक्यात जाणवली.

तट्ट. काठी सरळ झाली.

अर्धी दोरी वाऱ्यावर हलत होती. लांबवर दांडी एकदम पाण्यावर आली, आडवी झाली, आणि आत आत सरकू लागली. मासा सुटला होता. उकंडरावांनी काठी टाकली, धोतराचा सोगा वर खोचला आणि पाण्यात शिरले.

"अबे, कुठी चालला?" सोजराबाई उठल्या. "दांडी ना? सोड ते. दुसरी मिळन."

"नाई मिळत."

"मोरपीस नाई मिळत? जालन्यात दहा-दहा रुपयाले हाय."

"हे लोणारची हाय," उकंडराव न वळता म्हणाले. पाणी त्यांच्या कमरेला लागलं होतं. "आशीनं आनलेली. अकरा आनल्या व्हत्या. एकच राह्यली."

छातीइतक्या पाण्यात जाऊन त्यांनी ती धरली. परत येताना पाणी कापायला हात लागतील म्हणून दातात धरली. आशाबाई काठावर उभ्या होत्या. पिसं किती आणली होती हे या माणसाच्या लक्षात असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पदराने त्यांनी नवऱ्याचं ओलं अंग पुसलं, जरा जोरातच.

उकंडराव काठीला राहिलेला दोरीचा तुकडा बघू लागले. "तुटली कशी? हिच्यावर मरळ धरली व्हती आपन."

आशाबाईंचा हात पदरातच थांबला.

"घोडी असन ते," सोजराबाई म्हणाल्या.

"आँ?"

"घोडीचा केस कुजते म्हनून सांगे ना आमचा बा. घोडीच कापली तू."

"मी? तू नाई का म्हनली, घोडा हाय?"

"म्या तोंड पाह्यलं त्याचं. मांग तू व्हता. तुले दिसाले पाह्यजे व्हतं."

उकंडराव काठावरच बसून हसायला लागले. सोजराबाईही. आशाबाईंनी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडाला पदर लावावा लागला.

निघताना सोजराबाईंनी काठीवरचा दोरीचा तुकडा सोडला, बोटाला गुंडाळला, रोज सकाळी आशाबाई गुंडाळत तसाच, आणि उकंडराव पुढे गेल्यावर तो आशाबाईंच्या तळहातावर ठेवला.

"तीन पदर कमी पडते, वहिनी. मानसाचा केस बारीक. सहा घ्या लागतेत."

आशाबाईंनी मूठ मिटली. या बाईने आपल्याला सांभाळून घेतलं, हेही त्यांना फार गोड लागलं नाही. वाटेने दोघं पुढे चालली होती. आशाबाई चार पावलं भराभर टाकून मधे शिरल्या आणि घर येईपर्यंत तिथेच चालत राहिल्या.

पुढच्या महिन्यात भांडेवाली आली तेव्हा आशाबाईंनी कोठीमागचा पावडरचा डबा बाहेर काढला. वीस वर्षांचं उरलंसुरलं, पांढरं, काळं, सगळं. भांडेवाली म्हणाली, "टकल्याइच्या घरचं बरंच निंघालं." तिने एक स्टीलची वाटी दिली, काठ जरा चेपलेला. आशाबाईंनी ती बिस्किटांच्या डब्याशेजारी ठेवली. पुढच्या करीला कणीक त्याच वाटीत गेली. सोजराबाई त्या वर्षीही आल्या. तिघं काठावर बसली. आशाबाई मधे. तंगूसवर एक बोटभर शिंगटा मासा लागला तो आशाबाईंच्या हातातल्या काठीला. सोजराबाई म्हणाल्या, नशीब. आशाबाई म्हणाल्या, नशीब काऊन, हात पाह्यजे.

केस त्या रोज विंचरत राहिल्या. गुंतवळ आता इतरांसारखं भिंतीच्या फटीत जाई.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळीही त्या ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. डावी बाजू झाली होती. त्यानंतर जे झालं ते दवाखान्यातलं, शेवटच्या चार दिवसांचं, आणि त्यात त्यांचं बोलणं नव्हतं. त्या सकाळी छायाला विरजण लावायला भांडं सापडत नव्हतं. तिने फळीवरची वाटी उचलली. आशाबाईंनी फणी केसांतच ठेवून मान वळवली.

"ते वाटी नको घेऊ वं," त्या म्हणाल्या. "ते आमच्या गळाची हाय."